थोरली बारा, मधला नऊ, धाकटी सहा: घरशाळेच्या पुस्तकांचा वर्षभराचा अनुभव

आधीच सांगून टाकते: घरात एकापेक्षा जास्त मुलं असतील तर इयत्तेप्रमाणे पूर्ण संच घेण्याच्या भानगडीत पडू नका. विषयागणिक वेगळं पुस्तक निवडा, आणि काही विषय तर सरळ सगळ्यांना मिळून एकच ठेवा. वर्षभर वापरून माझं हे मत पक्कं झालंय. ते का, ते आता सविस्तर.

आम्ही साताऱ्यात राहतो. गेल्या जूनपासून तिन्ही मुलं घरी शिकतायत. मी हिशेबाचं काम घरूनच करते, नवरा दुपारनंतर मोकळा असतो. म्हणजे मुलांसोबत बसायला सलग वेळ मिळतो तो सकाळचा, आणि तोही एकाच माणसाचा. पुस्तकं निवडताना सगळ्यात मोठा मुद्दा हाच ठरतो, पण कुठल्याही माहितीपत्रकात तो नसतो. तिथे 'एक मूल, एक आई, भरपूर उजेड' असा फोटो असतो.

कराडच्या मैत्रिणीकडे एका कंपनीचा तयार संच आहे. तिला एकच मुलगा, आणि तिच्याकडे तो छान चाललाय. मी थोडे दिवस आणून पाहिला. छपाई सुंदर, रोज काय करायचं ते तासातासाचं लिहिलेलं. पण तीन मुलांना तीन संच म्हणजे तीन वेळापत्रकं, तीन इतिहास आणि रोज तीन वेगवेगळे 'आजचा प्रयोग'. मधल्याला गणित चौथीचं आणि इंग्रजी दुसरीचं असं मिळेल का, म्हणून फोन करून विचारलं. "मॅडम, संच फोडता येत नाही." विषय तिथेच मिटला.

मग आम्ही ठरवलं ते असं. गणित आणि भाषा ज्याची त्याची, कारण तिथे पायरी चुकली की पुढचं सगळं डळमळतं. इतिहास, भूगोल, विज्ञान सगळ्यांचं एकत्र, कारण पाऊस कसा पडतो हे सहा वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाला एकाच दिवशी सांगता येतं. फक्त दोघांकडून मागायचं ते वेगळं.

गणितावर सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून तेच आधी.

धाकटीला पुस्तक जवळजवळ नाहीच. गणितमाळा आहे: शंभर मणी, दहा-दहाचे दोन आलटून पालटून रंग. दिल्लीच्या जोडो ज्ञान या संस्थेमुळे ही माळ बऱ्याच शाळांत पोचली. घरीही ओवता येते. आमची खिडकीच्या गजांना बांधलेली आहे. मी म्हणते सदुसष्ट, ती सहा रंग ओलांडून सात मणी मोजते आणि तिथे कपड्यांचा चिमटा लावते. सोबत बालभारतीचं दुसरीचं २०१९ चं गणित पीडीएफवरून वापरतोय. एकवीस, बावीसऐवजी 'वीस एक, वीस दोन' असं म्हणण्यावरून गदारोळ झाला होता तेच हे पुस्तक. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. वाद काहीही असो, आमच्याकडे त्याचा उपयोग झाला. 'साठ सात' म्हटलं की चिमटा बरोबर जागी जातो, मग 'सदुसष्ट' मागून येतं. सासूबाईंना 'साठ सात' ऐकून कसंतरीच होतं. त्या रोज संध्याकाळी तिच्याकडून जुन्या पद्धतीनं शंभरपर्यंत म्हणून घेतात. दोन्ही चालू आहे, कुणाचं काही बिघडलेलं नाही.

मधल्यासाठी सिंगापूरचं 'प्रायमरी मॅथेमॅटिक्स' घेतलं. आधी वस्तू हातात, मग चित्र, मग आकडे, ही त्याची रीत. खरी किंमत वसूल होते ती पट्ट्यांच्या आकृत्यांत. उदाहरणार्थ, दोघांकडे मिळून ४८ गोट्या, एकाकडे दुसऱ्याच्या तिप्पट. पूर्वी हा मुलगा असं गणित दिसलं की "गुणायचं का भागायचं?" एवढंच विचारायचा. आता एक पट्टी काढतो, तिच्याखाली तशाच तीन काढतो, चार पट्ट्यांत ४८ म्हणजे एकीत १२, संपलं. हा बदल दिवाळीच्या सुमारास दिसायला लागला, त्याआधी नाही. त्यामुळे महिनाभरात निकाल शोधू नका.

तक्रारीही आहेत. पुस्तक महाग, प्रत्येक इयत्तेचे दोन भाग, वर वर्कबुक वेगळं. आमच्या हातात अमेरिकी आवृत्ती आली, त्यात मेट्रिकच्या जोडीला इंच, पाऊंड, सेंट. ती पानं सरळ सोडली आणि त्याऐवजी त्याला वाण्याच्या बिलाची बेरीज करायला बसवलं. घेण्याआधी त्यांची पातळी तपासायची मोफत चाचणी जरूर सोडवून घ्या. वयाप्रमाणे मागवलं असतं तर आमच्याकडे एक इयत्ता वरचं पुस्तक येऊन पडलं असतं.

थोरलीला एनसीईआरटीचं सहावीचं 'गणित प्रकाश', २०२४ मध्ये आलेलं. ती मराठी माध्यमातून आलेली, पुस्तक इंग्रजीत. पहिला महिना 'फॅक्टर' म्हणजे विभाजक, 'मल्टिपल' म्हणजे विभाज्य, असं करण्यात गेला; लसावि-मसावि तिला तोंडपाठ, पण एलसीएम म्हटलं की गोंधळ. त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. त्यातल्या आकड्यांच्या खेळाच्या धड्यात आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ आहे, आणि या एका पानानं आमच्याकडे अख्खा आठवडा खाल्ला.

कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठी आणि छोट्यात छोटी संख्या करा, वजा करा, उत्तरातल्या अंकांचं पुन्हा तेच करा. थोरलीनं ५, ४, ३, २ घेतले. ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि त्यापुढे कितीही करा, ६१७४ च. मधला ऐकत होता, त्यानं स्वतःचे अंक आणले. हातच्याची वजाबाकी म्हटलं की ज्याचं पोट दुखतं, त्यानं त्या दिवशी दोन पानं वजाबाक्या भरल्या, कारण सातपेक्षा जास्त पायऱ्या लागणारी संख्या शोधून ताईला हरवायचं होतं. (तशी नसतेच, पण ते मी सांगितलं नाही.) धाकटीला जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर अंक लिहून दिले. मोठ्यात मोठी संख्या लावणं तिचं काम, वजाबाकी दादाची. एकाच टेबलावर तीन वयांना पुरून उरेल असं काहीतरी मी पुस्तकांत शोधत होते, ते हे. वेगवेगळ्या वयांची मुलं असतील तर पुस्तक चाळताना अशी पानं किती आहेत ते बघा.

इतिहासात तर नशीबच फळफळलं म्हणायचं. बालभारतीचं चौथीचं 'शिवछत्रपती' आणि सातवीचा इतिहास या दोन्हींचा काळ बराचसा एकच. चौथीचं गोष्टीसारखं लिहिलंय, सातवीचं सुरू होतं तेच इतिहासाच्या साधनांपासून: भौतिक, लिखित, मौखिक. म्हणजे वाचन एकदाच, मोठ्यानं, सगळ्यांसमोर चौथीच्या पुस्तकातून. आणि थोरलीनं नंतर आपलं सातवीचं वाचून भर घालायची. मधल्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. लिहायचं नाही, फक्त सांगायचं, हे मी शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेच्या पद्धतीतून उचललं. तिची बाकीची व्यवस्था आपल्याकडे झेपणारी नाही, पण एवढं एक सोनं आहे. ऐकलेलं पुन्हा सांगायला लावलं की मुलाच्या डोक्यात काय गेलं आणि काय नाही ते पाच मिनिटांत कळतं, प्रश्नपत्रिका काढावी लागत नाही.

प्रतापगडाच्या धड्याला आम्ही गडावरच गेलो. १६५६ चं बांधकाम, १० नोव्हेंबर १६५९ ची भेट, हे मधल्यानं बुरुजावर उभं राहून हातवारे करत सांगितलं, वाघनखांच्या प्रसंगाला आवाज चढवून. थोरली वहीत लिहीत होती: बुरूज भौतिक, पत्र लिखित, मग पोवाडा कशात धरायचा? मौखिक, की कुणीतरी नंतर लिहून ठेवला म्हणून लिखित? यावर ती आणि तिचे बाबा पार्किंगपर्यंत वाद घालत आले. धाकटीचा एकच प्रश्न होता: खानाचे हत्ती नंतर कुणाला मिळाले? तिनं घरी येऊन हत्तीच काढले. तिचा इतिहास तेवढाच, आणि सहाव्या वर्षी तेवढा पुरे.

भूगोलाला तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक. ते जिल्हावार निघतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमचं सातारा जिल्ह्याचं. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णा मिळतात ते नकाशात पाहायचं आणि रविवारी तिथे जाऊन उभं राहायचं, यापेक्षा वेगळा भूगोल या वर्षी केलाच नाही. थोरलीला तो कमी पडला हे खरं. तिला पुढच्या वर्षी सातवीचा भूगोल स्वतंत्र द्यावा लागेल.

बालभारतीबद्दल एक सावधगिरीची सूचना. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली, एकेका भागात वेगवेगळे विषय एकत्र बांधलेले, मध्ये 'माझी नोंद' ची कोरी पानं. कोऱ्या पानांचा प्रकार सरकारनं पुढे मागे घेतला, पण जुन्या बाजारात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे हेच भाग मिळतात. शाळेच्या दप्तराचं ओझं कमी करायला ते ठीक. घरी, गणित एका इयत्तेचं आणि भाषा दुसऱ्या इयत्तेची चालणाऱ्या मुलाला मात्र गैरसोयीचे. विषयवार पीडीएफ उतरवून हवे तेवढे धडे झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेणं सोपं पडतं.

विज्ञानाला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं 'स्मॉल सायन्स' आणलं, मधल्याच्या पातळीचं. धाकटी त्यात आपोआप ओढली गेली. मिनी आणि अपू नावाची दोन मुलं प्रश्न विचारत फिरतात, आणि पुस्तक उत्तरं देतच नाही. ज्या पालकाला 'धडा वाचला, प्रश्नोत्तरं लिहिली, झालं' असं हवंय त्यानं हे घेऊ नये. शिक्षक-पुस्तिकेशिवाय तर मुळीच घेऊ नये, कारण प्रयोगाचं साहित्य काय लागेल आणि मुलं काय काय म्हणू शकतात ते सगळं त्या पुस्तिकेत आहे. आमच्याकडे गांडुळांचं निरीक्षण ठरलेल्यापेक्षा कितीतरी लांबलं, कारण चित्र काढायला सांगितल्यावर दोघांच्या लक्षात आलं की डोकं कुठल्या बाजूला ते आपल्याला ठाऊकच नाही. थोरलीला या वर्षी बालभारतीचं 'सामान्य विज्ञान' दिलं. व्याख्या ठासून भरलेल्या, तिला कंटाळा येतो. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतली खेळणी बनवून धाकट्यांना शिकवायचं काम तिच्याकडे दिल्यावर जरा रंग भरला.

भाषेबद्दल थोडक्यात. धाकटीला स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी, मोफत. निवडून घ्याव्या लागतात, काहींची मराठी भाषांतराची वाटते. मोठ्या दोघांना 'किशोर' मासिक. १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात, आणि खरं सांगायचं तर नव्या अंकांपेक्षा जुन्यांवरच दोघं जास्त रमतात. इंग्रजीचं अजून काही धड बसलेलं नाही.

आता नातेवाइकांचा प्रश्न: "दहावीचं काय?" सासूबाई हा प्रश्न दर सणाला विचारतात, आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाचा, त्यात घरशाळेचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे परीक्षेची वाट डोळ्यासमोर ठेवूनच पुस्तकं निवडावी लागतात. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी १४ पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ संधी, आणि मराठी माध्यमही आहे. राज्य मंडळाकडून द्यायची तर खाजगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म. थोरलीचा कल एनआयओएसकडे आहे, कारण विषय एकेक करून संपवता येतात. म्हणून पुढच्या वर्षी तिचं मोकळं वाचन निम्म्यावर येईल आणि त्यांचं गणिताचं पुस्तक हळूहळू सुरू होईल. धाकट्या दोघांना ही घाई नाही, आणि थोरलीच्या परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्यावर लादायचं नाही, हे आम्ही दोघांनी स्पष्ट ठरवलंय.

खर्च तिघांचा मिळून पाच आकड्यांत गेला नाही. त्यातला निम्म्याहून जास्त सिंगापूरच्या पुस्तकांवर, आणि तरीही पुन्हा घ्यायची वेळ आली तर आधी तीच घेईन. कमी पडला तो माझा वेळ. सकाळी गणिताच्या वेळी तिघं एकदम "आई, हे बघ ना" करतात, त्यावर कुठल्याच पुस्तकात इलाज नाही. थोरलीनं अर्धा तास स्वतःचं स्वतः करायचं आणि तेवढ्यात मी मधल्याशेजारी बसायचं, एवढी घडी बसायला पाऊसकाळ सरला.

जूनपासून इतिहासात आठवीचं पुस्तक, म्हणजे इंग्रजी अंमल. सुरुवात साताऱ्यापासूनच करणार, १८४८ मध्ये डलहौसीनं इथलं राज्य खालसा केलं तिथून. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला लंडनला गेलेल्या रंगो बापूजींबद्दल थोरलीनं वाचायला घेतलंय, मधल्याला त्यांच्या त्या प्रवासाचा नकाशा करायचाय. धाकटीला त्यात काय द्यायचं ते अजून ठरत नाहीये.