जुनी खुर्ची: वेताची घ्यावी की भरीव बैठकीची?

जेवणाच्या टेबलाशी शोभते ती लिहिण्याच्या टेबलामागेही चालेल, असं धरून जुनी खुर्ची घेतली जाते आणि काही महिन्यांत ती कोपऱ्यात जाऊन बसते. म्हणून वय, पॉलिश, कोरीवकाम हे सगळं नंतर बघावं. तिच्यावर एका वेळी किती वेळ बसायचं आहे, हे आधी ठरवावं. जुन्या बाजारात हमखास भेटणाऱ्या दोन जाती घेऊ: वाकवलेल्या लाकडाची वेताची खुर्ची आणि भरीव लाकडी बैठकीची, विंडसर नावाची खुर्ची.

पहिलीचं घराणं मिखाएल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याचं. त्याची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची ६ लाकडी भाग, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यात उभी राहायची. भाग सुटे केले की एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावत. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेलं, त्यामुळे मागचे दोन पाय आणि पाठ मिळून एकच अखंड कमान. विंडसरची बांधणी याच्या उलट. तिच्यात सगळा भार जाड, भरीव बैठकीवर. पाय खालून आणि पाठीच्या काड्या वरून तिच्यातच बसवलेल्या.

हा फरक दुरुस्तीच्या वेळी कळतो. विंडसरचा पाय मोडला तर सुतार लेथवर तसाच दुसरा काढून देतो. वाकवलेल्या खुर्चीचा मागचा पाय मोडला, तर प्रश्न अख्ख्या कमानीचा होतो. पण ती नुसती डगमगत असेल तर बरेचदा स्क्रू आवळून भागतं, आणि विंडसरचा सैल सांधा मात्र उकलून, साफ करून पुन्हा चिकटवावा लागतो. तिथे सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंदच वापरायला सांगा, हे मी आग्रहाने म्हणेन. ऊब आणि ओल लागली की सरस सुटतो, म्हणून पुढच्या पिढीतल्या सुतारालाही तो सांधा लाकूड न फाडता उघडता येईल. सैल सांध्यात खिळा ठोकलेला दिसला तर ती खुर्ची मी घेत नाही. खिळ्याभोवतीच लाकूड चिरत जातं.

वेताच्या बैठकीतून हवा खेळते आणि खुर्ची एका हाताने उचलता येते. जेवणाच्या टेबलाला माझी पसंती हिलाच. मात्र तिच्यावर गुडघा टेकवून वरचं काही काढायची सवय घरात असेल, तर वेत टिकणार नाही. सैलावलेली बैठक खालून कोमट पाण्याने ओली करून वाळू दिली की बरीचशी ताणली जाते. तुटलेली नव्याने विणावी लागते. घेण्याआधी खुर्ची उलटी करा. कडेने ओळीत भोकं असून त्यांतून वेत ओवलेला असेल तर काम हाताचं. तयार जाळी खाचेत दाबून बसवलेली असेल तर ती यंत्राची. तिला नाक मुरडू नका, बदलायला तीच सोपी.

चांगल्या विंडसरची बैठक खोलगट कोरलेली असते, त्यामुळे गादीशिवायही तासभर सहज बसता येतं. ऑफिसात भेटायला येणाऱ्यांसाठी, मीटिंगच्या टेबलासाठी ती उत्तम. दिवसभर संगणकापुढे बसायला मात्र दोन्ही नकोत. तिथे जुनंच हवं असेल तर लाकडी फिरती खुर्ची बघा, पण मागे रेलून पाहिल्याशिवाय घेऊ नका. जुन्यांना बहुधा चारच पाय असतात आणि त्या कलंडू शकतात. आताच्यांना पाच असतात ते त्यासाठीच.

दोन्हींत बैठकीची उंची मोजा. ७५ सेंटिमीटरच्या टेबलाला ४५ च्या आसपास हवी, आणि जुने पाय झिजलेले किंवा कापलेले असू शकतात. अधिकच्या खुणेसारख्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला. तो दिसला तर निदान तेवढी दुरुस्ती नंतरची. लाकडाला बारीक भोकं असतील तर खुर्ची पांढऱ्या कागदावर ठेवून ठोका. ताजा भुसा पडला, तर कीड अजून आत आहे, आणि तिच्यावर उपचार झाल्याशिवाय खुर्ची घरातल्या इतर लाकडी सामानाजवळ आणू नका.