क्रोमच्या व्हील कॅपवरील रंगकाम: कुपवाडच्या बिनपाटीच्या गॅरेजचा अनुभव

वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी सांगलीच्या गावभागातील आमच्या घरी अजूनही चालू स्थितीत आहे. तिच्या चारही व्हील कॅपवर, म्हणजे चाकांवरच्या क्रोम चढवलेल्या पत्र्याच्या झाकणांवर, मध्यभागाभोवती एक खोलगट कडे असून त्यात वडिलांनी हौसेने लाल रंग भरून घेतला होता. २०१९ च्या महापुरात गाडी गाळात अडकली आणि त्या रंगाचे पोपडे निघू लागले, तेव्हा घराजवळच्या एका गॅरेजमध्ये जुन्या रंगावरच नवा फवारा मारून घेतला. वर्षभरात तोही पापडासारखा फुगला. नव्या कॅप बाजारात मिळतात, परंतु हाताला लागणारे ते जुन्या पत्र्याचे वजन त्यांना नाही. म्हणून गेल्या वर्षी कुपवाड एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या शेडचा पत्ता मिळवला. शेडला पाटी नाही, त्यामुळे नावही लिहिता येत नाही.

मिस्त्रींनी पहिली कॅप हातात घेतली, नखाने कड उचलली आणि रंगाचा बोटभर तुकडा अखंड सोलून माझ्या तळहातावर ठेवला. "साहेब, हा रंग क्रोमवर बसलाच नव्हता, नुसता ठेवला होता," असे ते म्हणाले. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, चकाकीचा मोठा भाग त्याखालच्या निकेलचा असतो आणि वरचा पृष्ठभाग इतका कठीण व गुळगुळीत असतो की रंगाला धरायला काहीच मिळत नाही. पकड मिळावी म्हणून कोणी जाड पॉलिश पेपरने सरसकट घासले, तर क्रोम जाऊन निकेलची पिवळसर झाक उघडी पडते, आणि ओरखडा पत्र्यापर्यंत पोहोचला की तिथे गंज धरतो. एवढे समजावून सांगणारा रंगारी मला तरी यापूर्वी भेटला नव्हता.

जुना रंग काढण्याचे काम त्यांनी माझ्यासमोरच केले. साबणाच्या कोमट पाण्याने गाळ धुऊन, फक्त खोलगट कड्यात ब्रशने पेंट रिमूव्हरची जेली लावली, दहाएक मिनिटांत रंग सुरकुतला, आणि मग लोखंडी पत्ती न वापरता बोरूसारख्या तासलेल्या बांबूच्या चिपेने तो काढला. खाली वडिलांच्या वेळचा गडद लाल थर निघाला, त्याला पुन्हा जेली लावावी लागली. शेवटी थिनरने पुसून घेतले. हे सर्व हातमोजे घालून आणि शेडच्या दाराशी, वाऱ्यावर. त्या जेलीची वाफ कोंडलेल्या जागेत घेण्यासारखी नसते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कॅप बुडवून ठेवल्या तर काम लवकर होणार नाही का, असे मी विचारले. लोखंडी पत्र्याला ते एक वेळ चालेल, परंतु ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताच्या ओतकामाचा भाग चुकून त्यात गेला तर सोडा तो खाऊन टाकतो, म्हणून तो डबाच शेडमध्ये ठेवत नाही, असे उत्तर मिळाले. भावाच्या नव्या गाडीचे क्रोमचे बोधचिन्हही मी सोबत नेले होते. ते प्लॅस्टिकवर चढवलेले क्रोम आहे, त्याला जेली किंवा थिनर लागला तर प्लॅस्टिकच विरघळेल, असे सांगून त्यांनी ते हात न लावता परत केले. गिऱ्हाईक परत पाठवणारी ही सचोटी मला कामाइतकीच महत्त्वाची वाटली.

रंग भरताना खोलगट भागापुरतेच बारीक पेपरने घासून, बाकीचे मास्किंग टेपने झाकून, एच (etch) प्रायमरचा, म्हणजे गुळगुळीत धातूला पकड देणाऱ्या अस्तराचा, पातळ हात दिला. नंतर टेप काढून ब्रशने इनॅमल भरले आणि ते थोडे सुकू लागल्यावर, सपाट लाकडी ठोकळ्यावर ताणून गुंडाळलेले, टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेले फडके उंच कडेवरून एकदाच फिरवले. कडेवर सांडलेला रंग निघाला, खोबणीतला तसाच राहिला. बोटावर फडके गुंडाळले असते तर ते खोबणीत उतरून रंगही पुसून आले असते. सारे कसब त्या सपाट ठोकळ्यात आहे. पीयू (पॉलियुरेथेन) रंग अधिक टिकाऊ असला तरी तो पटकन घट्ट होतो आणि पुसायला सवड देत नाही, म्हणून इनॅमल निवडले, हा खुलासा मला पटला.

तक्रारीही आहेत. चार दिवसांचा वायदा अकरा दिवसांवर गेला आणि त्या काळात फोन उचलला गेला नाही. तीन कॅप एका दिवशी आणि चौथी नंतर, वेगळ्या मिश्रणाने रंगवल्यामुळे ती उन्हात किंचित काळपट दिसते. पुन्हा रंगवून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण पुन्हा अकरा दिवस नकोत म्हणून मीच टाळले. पावती मिळाली नाही. पुराच्या पाण्याने क्रोमवर पडलेले बारीक खड्डे तसेच आहेत, मात्र ते रंगाने जात नाहीत, त्यासाठी नव्याने प्लेटिंगच करावे लागते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. प्रत्येक कॅपचे ३०० रुपये, म्हणजे एकूण १,२०० रुपये झाले. या बारकाव्याच्या कामाला ते जास्त नाहीत.

पहिला आठवडा गाडी धुऊ नका, असे बजावले होते, ते पाळले. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला, तरी कुठे पोपडा नाही. फक्त मागच्या डाव्या कॅपची कड पंक्चरवाल्याने टॉमी (लोखंडी दांडा) घालून उचकटली, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडाला आहे. आता पंक्चर काढायचे असले की कॅप मी घरूनच काढून डिकीत ठेवून नेतो.