नाव माझे, नोंदणी दुसऱ्याची

एकाच वेळी तीन-चार लहान व्यवसाय सांभाळणाऱ्या आणि त्यांतली तांत्रिक बाजू विश्वासाने एका माणसावर सोपवणाऱ्या सर्वांसाठी माझ्या डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या, फसवणुकीचा हा अनुभव लिहीत आहे. माझे असे चार व्यवसाय होते: व्हिडिओ संपादनाचा स्टुडिओ, पुस्तकांची मुखपृष्ठे व मांडणी करून देण्याचे काम, चित्रकारांची चित्रे परवान्याने विकणारे संकेतस्थळ आणि मुलांना अक्षरओळख करून देणारे एक मोबाइल अ‍ॅप. यांतला एकही व्यवसाय स्वतंत्र तंत्रज्ञ नेमण्याइतका मोठा नव्हता, पण चारही मिळून माझा संपूर्ण दिवस घेत होते. ज्या गोष्टी चालू आहेत त्यांच्याकडे पाहायला मला वेळच नव्हता, आणि फसवणुकीला जागा मिळाली ती नेमकी येथेच.

ओळखीतून एक गृहस्थ भेटले. ते गोड बोलणारे नव्हते, कामाचे होते. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणारा माणूस काम बिघडवणारा असतो असा माझा समज होता. संकेतस्थळ बंद पडले तर ते रात्री उठून सुरू करत. “मॅडम, तुम्ही चित्रांकडे लक्ष द्या, बाकीचं माझ्यावर सोडा,” असे ते म्हणाले आणि मी खरोखरच सोडले. चार डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा), ई-मेलची व्यवस्था, अ‍ॅप प्रकाशित करण्यासाठी लागणारे डेव्हलपर खाते हे सर्व त्यांनी उभारले. प्रत्येक ठिकाणी खाते त्यांच्या नावाने आणि त्यांच्या ई-मेलवर उघडले गेले. मी विचारले तेव्हा उत्तर आले की सर्व एका खात्यात असले की नूतनीकरण चुकत नाही. ते मला पटले.

दरवर्षी नूतनीकरणाचे बिल येत असे आणि मी ते त्याच दिवशी भरत असे. बिलासोबत रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, पावतीचा स्क्रीनशॉट असायचा. मूळ ई-मेल कधीच नव्हता आणि तो नाही हे मला जाणवलेही नाही.

उलगडा अपघाताने झाला. चित्रांचे संकेतस्थळ एका भागीदाराबरोबर मोठे करण्याची बोलणी सुरू होती. त्यांच्या वकिलांनी डोमेनच्या मालकीचा पुरावा मागितला, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा आयकॅनच्या शोधपानावर माझ्याच डोमेनचे नाव टाकून पाहिले. डोमेन व्यवस्थेचा समन्वय करणारी ही संस्था १९९८ साली स्थापन झाली. युरोपातला गोपनीयता कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून नोंदणीदाराचे नाव व पत्ता या नोंदीत बहुधा झाकलेला असतो. माझ्या डोमेनचाही तो झाकलेला होता. पण तारखा झाकलेल्या नसतात. नोंदणी कधी झाली, मुदत कधी संपते आणि नोंदीत शेवटचा बदल कधी झाला, हे कोणालाही दिसते. माझे डोमेन पहिल्याच दिवशी एकदम पाच वर्षांसाठी घेतलेले होते आणि त्यानंतर त्या नोंदीत एकही बदल झालेला नव्हता. म्हणजे दरवर्षी मी ज्या नूतनीकरणाचे पैसे भरले, ते नूतनीकरण कधी झालेच नव्हते. उरलेली तीन डोमेन तपासली, तीच कथा.

यानंतर मी जी चूक केली तिचा पश्चात्ताप मूळ विश्वासापेक्षाही अधिक आहे. रागाच्या भरात मी त्यांना लगेच फोन केला. त्याआधी मी संकेतस्थळांची प्रत काढली नव्हती, ई-मेल उतरवून घेतले नव्हते, नोंदींची छायाचित्रेसुद्धा जपली नव्हती. ते शांतपणे म्हणाले की काहीतरी गैरसमज आहे, उद्या बसून बोलू. त्याच रात्री त्यांनी चारही डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला काढली. असे हस्तांतर पूर्ण झाले की बहुतेक प्रकारांत डोमेन ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. हा नियम चोरीपासून संरक्षण व्हावे म्हणून आहे, आणि येथे तोच त्यांच्या उपयोगी पडला. मी ज्या रजिस्ट्रारकडे दाद मागायला गेले, त्याच्याकडे आता काहीच नव्हते. नव्या रजिस्ट्रारच्या लेखी तर मी कोणीच नव्हते.

डोमेन गेले म्हणजे केवळ पाटी गेली असे अनेकांना वाटते, मलाही वाटत होते. प्रत्यक्षात डोमेन ज्याच्या हाती असते, तोच त्या नावावर येणारी पत्रे कोणत्या सर्व्हरवर उतरवायची ते ठरवतो. त्यांनी ती एक नोंद बदलली आणि माझ्या चारही व्यवसायांची पत्रे त्यांच्याकडे जाऊ लागली. बँक सोडली तर माझ्या जवळजवळ प्रत्येक सेवेचा पासवर्ड याच पत्त्यांवर नव्याने मागवता येत होता. ज्या खात्यांना मोबाइलवरच्या कोडचे दुसरे कुलूप होते तेवढी वाचली. ज्यांना नव्हते, त्यांतले चित्रांच्या साठवणीचे खाते दोन दिवसांत माझ्या हातातून गेले. एका जुन्या ग्राहकाला माझ्याच पत्त्यावरून ‘बँक खाते बदलले आहे’ असे पत्र गेले आणि त्याने दोन बिलांची रक्कम त्या नव्या खात्यात भरली. त्याने मला फोन करून विचारले असते तर ती वाचली असती. पण पत्ता माझाच होता, त्याला तरी कसा दोष देणार?

मग मागणी आली. चारही डोमेन ‘हस्तांतर शुल्क’ घेऊन परत मिळतील, आणि रक्कम अशी की दोन व्यवसायांचे वर्षभराचे उत्पन्न त्यात जावे.

वकिलांकडून जे समजले ते इतरांनी आधीच समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. डोमेनच्या तंट्यांसाठी आयकॅनने १९९९ मध्ये मंजूर केलेली एक पद्धत आहे. तीत तक्रारदाराला तीन गोष्टी एकत्र सिद्ध कराव्या लागतात: ते डोमेन आपल्या व्यापारचिन्हासारखे आहे, समोरच्याचा त्यावर कोणताही न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवले व वापरलेही. माझ्याकडे नोंदणीकृत व्यापारचिन्ह एकाच व्यवसायाचे होते. शिवाय डोमेन त्यांनी माझ्या संमतीने नोंदवले होते, आणि मालकी कोणाची हे सांगणारा एक ओळीचाही लेखी करार आमच्यात नव्हता. असे प्रकरण लवाद अनेकदा ‘कराराचा वाद’ मानून न्यायालयावर सोडतात. बिले मात्र माझ्याकडे होती. न झालेल्या नूतनीकरणाची ती बिले व नोंदीतल्या तारखा यांच्या आधारे पोलिसांच्या सायबर विभागाने तक्रार नोंदवली, आणि त्यानंतरच समोरच्याची भाषा बदलली. स्टुडिओ व मुखपृष्ठे यांची डोमेन शुल्काविना परत आली.

अ‍ॅप परत आले नाही. अँड्रॉइड अ‍ॅपच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीवर आधीच्याच गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही लागते, आणि अ‍ॅप दुसऱ्या खात्यात द्यायचे तर मूळ खातेदारानेच पुढाकार घ्यावा लागतो. खाते त्यांचे आणि किल्लीही त्यांच्याकडे होती. माझ्याकडे चित्रे, ध्वनिमुद्रणे आणि कोडची एक जुनी प्रत होती. तिच्यावरून आम्ही वेगळ्या नावाने नवे अ‍ॅप केले. आधीचे सर्व अभिप्राय, सर्व वापरकर्ते आणि तीन वर्षांत मुलांच्या पालकांशी जमलेले नाते जुन्या नावावरच राहिले. या नुकसानीचे मला सर्वांत जास्त दुःख आहे, कारण ते कोणत्याही दाव्यात रकमेत मांडता येत नाही.

माझ्या हाती असलेली सर्व डोमेन आता माझ्या खात्यात आहेत आणि त्या खात्याचा ई-मेल त्यांपैकी कोणत्याही डोमेनवर चालत नाही. हे महत्त्वाचे आहे: डोमेन गेले तरी त्याच्या खात्याची किल्ली त्याच्याबरोबर जाता कामा नये. तांत्रिक मदतनीस आजही आहे, पण त्याला होस्टिंगवर मर्यादित प्रवेश दिलेला आहे आणि तो काढून घेणे माझ्या हातात आहे. नूतनीकरणाची पावती रजिस्ट्रारकडून थेट मला येते, आणि दर तीन महिन्यांनी मी चारही नोंदींतल्या तारखा स्वतः पाहते. याला दहा मिनिटे लागतात. इतकी वर्षे ती दहा मिनिटे मला सापडली नव्हती.

चित्रांच्या संकेतस्थळाचे डोमेन अजून त्या गृहस्थांकडेच आहे आणि दावा चालू आहे. मुदत संपली तरी ते लगेच मोकळे होणार नाही: रजिस्ट्रारची साधारण ४५ दिवसांपर्यंतची सवलत, मग सोडवून घेण्याचे ३० दिवस, मग पुसले जाण्याआधीचे ५ दिवस. तोपर्यंत त्या पत्त्यावर कोणी चित्रकार नवे चित्र पाठवतो, ते त्यांच्याच पेटीत पडते. म्हणून जुन्या यादीतल्या प्रत्येक चित्रकाराला मी एकेक करून फोन करत आहे. यादीतली बावीस नावे अजून बाकी आहेत.