नो मॅन्स स्काय की सायबरपंक २०७७: तुटलेला विश्वास कुणी नीट सांधला?

दोन्ही व्हिडिओ गेम आले तेव्हा गिऱ्हाईक चिडलेलं होतं. तरी पुढची वाट वेगळी.

ऑगस्ट २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' आला, अवकाशात ग्रह धुंडाळायचा गेम. दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागी उभे राहिले, तरी एकमेकांना दिसेनात! इंग्लंडच्या हॅलो गेम्सच्या छोट्या टीमने मग तोंडाला कुलूप लावलं आणि काम सुरू केलं. नोव्हेंबरात पहिलं मोठं अपडेट, जुलै २०१८ मध्ये खरंखुरं मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायची सोय. त्यानंतरही वर्षानुवर्षं अपडेट येत राहिली, सगळी फुकट.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'सायबरपंक' डिसेंबर २०२० मध्ये आला. सोनीच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) या जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, इतका अडखळत होता, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत यायला जून २०२१ उजाडला. कंपनीने माफी मागितली, पैसे परत घेण्याची वाट दाखवली, हे मान्य. सप्टेंबर २०२३ चं २.० अपडेटही झकास आणि मोफत. पण ते पीएस४ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर आलंच नाही. म्हणजे ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, त्यांच्याच पानात काही पडलं नाही. (त्याच महिन्यातला 'फँटम लिबर्टी' हा गेमचा जोडभाग तर विकतचा, तोही फक्त नव्या कन्सोलना आणि पीसीला.)

आज खेळायला मला सायबरपंकच जास्त आवडतो. पण पुढचा गेम भरवशावर घ्यायचा झाला, तर पाकीट हॅलो गेम्ससाठी आधी उघडेन. तेही पहिला आठवडा जाऊ देऊन.