वायर काढली अन् काटा अडला: जिनिंगसाठी घेतलेल्या सायबर सेवेबद्दल

आमची कापसाची जिनिंग पांढरकवड्याकडची. काटापट्टीपासून शेतकऱ्याच्या चुकाऱ्यापर्यंत (कापसाचे पैसे देण्यापर्यंत) सगळं एकाच सॉफ्टवेअरवर. ३१ जुलै २०२४ ला बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवरच्या रॅन्समवेअर हल्ल्यानं (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले, तेव्हापासून मालकांच्या डोक्यात धास्ती होती. असा हल्ला झाला तरी काम चालू राहावं, या तयारीसाठी शेवटी यवतमाळच्या दोन पोट्ट्यांची सेवा घेतली.

बॅकअपचं काम चोख. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक जिनिंगबाहेर. काम झालं की हार्डडिस्क काढून ठेवायची, जोडून राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. जुन्या लॅपटॉपवर पूर्ण खातेवही परत आणून दाखवली.

प्रशिक्षणात मर्स्कचा किस्सा सांगितला. २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर (कोण कुठं लॉगिन करू शकतो ते ठरवणारे मुख्य सर्व्हर) जगभर गेले, घानातला एक तेवढा वाचला, कारण नेमकी तिथली लाईन गेली होती. "मंग आपल्याले कायचा धोका?" मुनीमजी म्हणाले.

पैसे वसूल झाले सरावात. भर दुपारी, फाटकाबाहेर बैलबंड्या न् पिकअपची रांग असताना त्यांनी सर्व्हरची वायर काढली. नव्या गाड्या पावतीपुस्तकावर नीट लागल्या. अडल्या त्या आधीच आत गेलेल्या. कापूस खाली करून गाडी काट्यावर आली, रिकामं वजन मिळालं, पण ते वजा करायचं कशातून? भरलेलं वजन संगणकात! शेतकरी तापले, वायर परत लावावी लागली. तोड काढली हमालांच्या मुकादमानं: "भरल्या गाडीचं वजन झालं का तवाच चिठ्ठी देऊन टाका ना गाडीवाल्याले." आता तसंच चालतं.

माझी तक्रार इथंच आहे. प्रशिक्षणाला बोलावलं फक्त ऑफिसातल्यांना. मुकादम नाही, मापारी नाही. रांग सांभाळतात ते, अन् चहा-बिस्किटं आम्हाला.

हल्ला झाला तर काय करायचं याची त्यांनी दिलेली फाईल जाडजूड, अन् इंग्रजीत. कुणाला फोन करायचा ती यादी सर्व्हरवर ठेवलेली, म्हणजे नेमकी गरजेला मिळणार नाही. बँकच बंद पडली तर चुकारा कसा द्यायचा, यावर दोनच शब्द: पर्यायी बँक. कोणती, सही कुणाची, पत्ता नाही. शेवटी कामाचं तेवढं एका पानावर मराठीत लिहून मीच काट्याशेजारी चिकटवलं.

तरी पाचपैकी चार तारे. बोलावणार असाल तर आवक जोरात असतानाच बोलवा; उन्हाळ्यात रिकाम्या जिनिंगमध्ये वायर काढून काही कळत नाही.