बेसबॉलचं रोज-एक-पान कॅलेंडर, ४ जुलैसाठी तरी घ्याच

टेबलावर ठेवायचं, रोज एक पान फाडायचं आणि त्या तारखेला बेसबॉलमध्ये कुठल्या कुठल्या वर्षी काय घडलं ते वाचायचं, असं हे कॅलेंडर आहे. सहा महिन्यांच्या वर वापरून झालं म्हणून आता लिहितेय. पानं सरळ फाटतात, मागचा पुठ्ठा दणकट आहे. अक्षर मात्र फारच बारीक.

पण ४ जुलैचं पान बघा! पहिलीच नोंद १९३९ ची, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, दोन मॅचच्या मधल्या वेळात यांकीज संघाचा खेळाडू लू गेहरिग माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला की आज मी स्वतःला या पृथ्वीवरचा सगळ्यात भाग्यवान माणूस समजतो. असाध्य आजार झालाय हे त्याला कळून जेमतेम दोन आठवडे झाले होते, वय ३६. त्याच दिवशी त्याच्या जर्सीचा ४ नंबर कायमचा रिटायर केला, म्हणजे पुढे कोणालाच द्यायचा नाही, आणि मेजर लीगमध्ये (तिकडची सगळ्यात वरची लीग) असं पहिल्यांदाच झालं. हे पान मी दिवसभर फाडलंच नाही.

आणि इथे एक सांगते, फाडलेली पानं टाकू नका. मी डब्यात ठेवते म्हणून २ जूनचं पान परत काढून बघता आलं. १९२५ साली २ जूनला यांकीजच्याच वॉली पिपच्या जागी गेहरिग फर्स्ट बेसला फिल्डिंगला उभा राहिला, आणि १९४१ साली २ जूनलाच तो गेला. २ मेच्या पानावर, सलग २१३० मॅचनंतर स्वतःहून बाहेर बसला तो दिवस. तारखेप्रमाणे वाचताना वर्षं मागेपुढे होतात, पण ही तीन पानं शेजारी ठेवली की अख्खा माणूस समोर येतो, मला तर भरून आलं.

४ जुलैलाच १९८३ ची यांकीजचा पिचर (बॉल टाकणारा) डेव्ह रिघेटीची नो-हिटर पण आहे, समोरच्या रेड सॉक्स संघाला एकही हिट नाही, शेवटचा आउट वेड बॉग्ज आणि तोही स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की आउट). ती नोंद व्यवस्थित दिलीये.

राग आला तो १९८५ च्या नोंदीचा. फक्त एक ओळ, न्यूयॉर्क मेट्सनी अटलांटा ब्रेव्ह्जना १९ इनिंगमध्ये (एरवी मॅच ९ इनिंगची असते) १६-१३ हरवलं. अहो, ही अटलांटातली मॅच पावसामुळे थांबत थांबत पहाटे ३:५५ ला संपली! १८व्या इनिंगमध्ये ब्रेव्ह्ज एका रनने मागे, दोन आउट, बॅटिंगला पाठवायला दुसरं कोणी उरलंच नाही म्हणून रिक कॅम्प नावाचा पिचर आला ज्याला बॅटिंग अजिबात जमायची नाही, दोन स्ट्राइक पण झाले, आणि त्याने होमरन मारला, अख्ख्या करिअरमधला एकमेव. पुढच्या इनिंगला मेट्सनी पाच रन काढले, ब्रेव्ह्जनी दोन परत केले आणि शेवटचा आउट कोण तर पुन्हा कॅम्पच. त्यानंतर पहाटे चारला ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, ठरलेले फटाके उडवले आणि आसपासचे लोक दचकून उठले. यातलं काहीच पानावर नाही, हे बरोबर नाही. अशा तारखेला दोन पानं द्यायला हवी होती.

तरी पाचपैकी चार स्टार, पुढच्या वर्षीचं पण घेणार. पानाची मागची बाजू कोरी असते, तिथे मी कॅम्पची गोष्ट पेनने लिहून ठेवलीये.