दोन तारे, तेही कारकुनाला

अमळनेरात माझा बिबडे-पापडांचा घरगुती धंदा आहे. फारकतीच्या केससाठी मी जो पहिला वकील लावला, त्याच्या कामाबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि माझे बिबडे कोर्टातल्या निम्म्या लोकांच्या घरी जातात.

ओळख आमच्या ओळखीतल्या जिभाऊंनी करून दिली. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, 35 हजारात सगळं आलं, डोक्याला ताप घेऊ नका." मी 15 हजार रोख मोजले आणि वकीलपत्रावर सही केली. घरी आल्यावर आई एवढंच बोलली, "पैसा दिनात, पावती लिनी का?" नव्हती घेतली. दोनशे रुपयांच्या उडदाच्या डाळीची पावती मागणारी मी, इथे लाजले. पण त्याच रात्री बिबड्यांच्या वहीचं मागचं पान उलटून तारीख आणि रक्कम लिहून ठेवली. पुढे ती सवय कामी आली.

मग "सगळं आलं"मधून एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. दर तारखेला हजार. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट मिळून 3,400. कोर्ट फी म्हणून 2 हजार. तारखाही ऐन वाळवणाच्या दिवसांत. पहाटे घाटा हाटून गच्चीवर बिबडे थापायचे, ते आईच्या गळ्यात टाकून मी अकराला कोर्टात. पुकारा व्हायचा, साहेब धुळ्याला गेलेले असायचे आणि कारकून मुदतीचा अर्ज देऊन मोकळा. हजार रुपये मात्र ठरलेले.

एक काम त्यांनी चोख केलं, तेही लिहिलं पाहिजे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 चा अर्ज त्यांनी सुंदर लिहिला होता. त्यावर महिना 5 हजार अंतरिम खावटी, म्हणजे केस चालेपर्यंतची पोटगी, आणि केसच्या खर्चासाठी एकरकमी 10 हजार मिळाले. ते 10 हजार माझ्या खात्यात पडले त्या दिवशी साहेबांचा फोन आला, "ते वकिलाचेच असतात ताई, कोर्टानेच दिलेत." मी काढून नेऊन दिले. फीत वळते होतील असं मी धरून चालले होते. विचारलं नाही, ही माझी चूक.

भांडण झालं ते तडजोडीच्या वेळी. समोरच्यांनी 6 लाखांची तयारी दाखवली. साहेब म्हणाले, त्यातले दहा टक्के माझे, आणि आधीच्या फीचे 20 हजार बाकी आहेत, ते वेगळे. मी वही काढली. 15 हजार, 11 तारखांचे 11 हजार, 3,400, 2 हजार आणि ते 10 हजार. एकूण 41,400. म्हणजे ठरल्यापेक्षा 6,400 जास्तच गेले होते. साहेबांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तारखेचा खर्च फीत धरत नसतात. बाकी द्या, मग फाईल न्या."

मावसभाऊ म्हणाला, ग्राहक मंचात खेच. ती वाट मे 2024 मध्येच बंद झालीय. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं. मी कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत गेले. तिथे कळलं की बाईला फुकट वकील मिळतो, 1987 च्या कायद्याने, आणि तिची कमाई किती ते बघत नाहीत. मी इतकी वर्षं समजत होते, ते दारिद्र्यरेषेवाल्यांसाठी असतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, "कोर्ट फी कशाची दिली? फारकतीच्या केसला बायकांना महाराष्ट्रात 1994 पासून माफ आहे." ते 2 हजार ऐकून मला जास्त झोंबलं. 20 हजारांपेक्षाही.

मिळालेल्या वकीलबाईंनी पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या. त्यांच्याकडे पाच मिनिटंच असतात, ही त्यांच्याबद्दलची एकमेव तक्रार. निकालाच्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फीसाठी पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. आणि ई-कोर्टच्या अ‍ॅपवर केसचा नंबर टाकून प्रत्येक तारखेला काय झालं ते बघ. बघितलं. 11 पैकी 3 तारखांना नुसती मुदत घेतलेली.

मग मी एकच पत्र लिहिलं, स्पीड पोस्टाने. शिवीगाळ नाही, रडगाणं नाही. वहीतलं पान उतरवलं, त्या 3 तारखा लिहिल्या, फाईल आणि नव्या वकिलासाठी ना-हरकत मागितली. शेवटी, आठ दिवसांत न मिळाल्यास महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करीन, एवढंच.

सहाव्या दिवशी कारकून स्वतः घरी आला. आम्ही गच्चीवर होतो. लाल नाड्याची फाईल, सही केलेली ना-हरकत आणि पाकिटात 2 हजार. 20 हजारांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. वरचे 4,400 मी सोडून दिले. अर्ज चांगला लिहिला होता, त्याचे समजा. फाईल उघडली तर लग्नपत्रिका होती, दोन मूळ फोटो नव्हते. मी तसं म्हणायच्या आत त्याने शर्टाच्या खिशातून काढून दिले. "वाकले असते ताई, म्हणून वेगळे ठेवले."

पुढे संमतीने फारकत झाली, 6 लाख पूर्ण माझ्या नावावर आले. साहेबांना माझ्याकडून शून्य. दोन तारे दिलेत ते कारकुनाचे. त्याला एक किलो बिबडे बांधून दिले होते, पैसे द्यायला लागला. घेतले नाहीत, पण वहीत लिहिलेत.